दोन बोटं खोल

१२ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू अशा. शाळेचं लोखंडी फाटक, बिजागऱ्यांसकट. पोस्टमनच्या सायकलचा कॅरिअर. तो अजून हलत नाही, पोस्टमन हलतो. दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या आईसाठी जिन्याचा कठडा, तिच्या उंचीचा, त्यामुळे बाकी सगळे त्याला शिव्या घालतात. तुझ्या आईच्या घराची पुढची पायरी. तिच्या ओल्या सिमेंटात तू लहानपणी पंजा उमटवलास आणि एकटा पंजा रात्री घाबरेल म्हणून शेजारी माझाही उमटवून घेतलास. मक्याचं पेरणीयंत्र, आजवर एकतीस, एकतीसच्या एकतीस चालू. आणि हे सगळं ज्यावर कातलं तो लेथ. तो भंगारातून तुकड्या-तुकड्यांनी आणला होता आणि जोडायला मला दोन वर्षं लागली, कारण कसा जोडायचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

तू विचारलंस, ‘मामा, उद्घाटनाला तुझा परिचय वाचायचाय, शिक्षण काय लिहू?’ वरचं लिही. तेवढंच झालंय आणि ते पूर्ण झालंय.

आता बिल्ल्याबद्दल. तुमच्या विद्यापीठाचा विस्तार विभाग दर शनिवारी माझ्या शेडमध्ये येणार. तुमची पोरं आणि गावातली पोरं मिळून माझ्याकडून माझं यंत्र शिकणार. आणि माझ्या छातीवर जो बिल्ला लावायचा म्हणून तू पाठवलास त्यावर छापलंय ‘लाभार्थी’. लाभ कुणाचा आणि अर्थी कोण, हे तुमच्या विभागप्रमुखांना एकदा विचार. बिल्ला परत पाठवतोय. पिन चांगली होती, ती काढून घेतली आहे.

माझ्या अटी. तो शब्द जाईल. बॅनर शेडच्या बाहेर लागेल, आत ठिणग्या उडतात. पोरं हात काळे करतील, पाहायला म्हणून कुणी येणार नाही. आणि माझ्या शेडमध्ये टेप चालत नाही. टेप हरवते, वाकते, उसनी गेली की परत येत नाही. बोटं कुणी घरी विसरून येत नाही. मक्याचं बी जमिनीत दोन बोटं खोल पडायला हवं, फणाचं सगळं माप तिथून निघतं. एकतीस यंत्रं या दोन बोटांवर उभी आहेत.

पटलं तर या, नाही तर माझं काही अडलेलं नाही.

तुझा,
मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा, नमस्कार.

तुझं पत्र विभागप्रमुखांना वाचून दाखवलं. ‘अर्थी कोण’पाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली, पिनेपाशी हसू फुटलं. नवा बिल्ला पाठवतेय. त्यावर ‘प्रशिक्षक’ आहे. हाही परत आला तर मी तुझ्या शेडसमोर उपोषणाला बसेन, आणि मला भूक लागली की मी कशी होते ते तुला ठाऊक आहे.

पण मामा, एक ऐक. तू समजतोस तसे सगळे इथे फोटो काढायला नोकरीला लागलेले नाहीत. माझ्याकडे वर्षाला जेमतेम एका गावापुरते पैसे असतात. ते तुझ्या गावाला मिळावेत म्हणून मी सगळ्यांशी भांडले, आणि ‘सख्खा मामा आहे म्हणून’ हे टोमणेही खाल्ले. सहा शनिवार तुझ्या शेडमध्ये, मग गावातल्या सात जणांना इथे आमच्या कार्यशाळेत पंधरा दिवस, राहणं-जेवण विद्यापीठाकडे. शेवटी प्रत्येकाने एक यंत्र स्वतः उभं करायचं. जे करतील त्यांना दाखला. आणि आमच्या दाखल्यावर बाजार समिती दुकानासाठी गाळा देते, अनामत न घेता. ते मी लेखी घेतलंय.

सात जणांत एक मुलगी आहे, वडिलांचा ट्रॅक्टर भाड्याने चालवणारी. शाळा दोनदा हुकलीय. तिला घेऊ नका असं तिघांनी सांगितलं. म्हणून तिचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं.

टेपचं मात्र मला पटलेलं नाही. पण शेड तुझी.

तुझी,
खारू

(नटबोल्ट चोरून उशीखाली लपवणारी खार आता सरकारी पत्रांवर सही करते, आणि तू अजून मला खारू म्हणतोस.)

२८ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

सहा शनिवार झाले. हिशेब असा: एक ग्राइंडर जळाला, तो तुमच्या पोरांनी मोटारीची तार स्वतःच पुन्हा गुंडाळून दुरुस्त केला. दोन पँटींना भोकं. भांडणं सात, मिटली सहा.

पहिल्या शनिवारी तुमचा एक चष्मेवाला विद्यार्थी विचारतो, ‘सर, यात किती मिलिमीटर चूक चालेल?’

म्हटलं, ‘चूक चालायला लागली की तिला पाय फुटतात, बाळा. मग ती तुझ्या आधी बाजारात पोचते.’

त्याने हे वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, वही ठेव, हातोडी घे. घेतली. शेवटच्या शनिवारी तोच मला सांगत होता की माझी स्प्रिंग एका बाजूला जास्त ताणते. पाहिलं, तर ताणत होती. बदलली. तो बरा निघेल.

तुमचे मातीवाले सर आले होते. मी ठरवून ठेवलं होतं की माणूस आवडून घ्यायचा नाही. पण त्याने नळी जमिनीत ठोकून आमच्या रानाची माती बाहेर काढली आणि शेतकऱ्यांच्या हातावर ठेवली. वरची कोरडी, खालची ओली. ‘तुमच्याकडे वरचा थर तीन-चार दिवसांत वाळतो, म्हणून हे यंत्र बी खोल टाकतं ते बरोबर आहे,’ म्हणाला. हे मला इतकी वर्षं हाताला ठाऊक होतं, का ते ठाऊक नव्हतं. आता झालं. हे मी त्याच्या तोंडावर बोललो नाही, तूही बोलू नकोस.

तुझ्या ट्रॅक्टरवालीबद्दल. पहिल्या दिवशी म्हणाली, ‘मिस्त्री, मला चहा आणायला सांगाल तर मी परत जाईन.’ मी म्हटलं, ‘तुझ्या हातचा चहा कोण पिणार, तू वेल्डिंग कर.’ तिचा सांधा माझ्यापेक्षा सरळ जातो. हे वाक्य लिहायला मला एक दिवस लागला आहे, तेव्हा नीट वाच. वजनकाट्याशेजारचा गाळा तिने हेरून ठेवलाय. पाटी काय लावायची तेही ठरलंय, सांगत नाही.

सातही जणांना फण, नळी, डबा, चाक सगळं पाठ आहे. आता तुमच्याकडे पाठवतोय. जशी दिली तशी परत पाठवा, बिघडवू नका.

तुझा,
मामा

९ जुलै

प्रिय मामा,

तू पेपर वाचतोस, पण ही बातमी पेपरात यायच्या आत माझ्याकडून कळावी.

मुलांनी इथे बांधलेल्या यंत्रांपैकी तीन आपण तीन शेतांवर चालवली. पेरणी छान झाली, टाळ्या झाल्या. आता उगवण मोजली तर शंभर बियांमागे तीस-पस्तीस. ओळीच्या ओळी मोकळ्या. काल शेतकरी विभागात आले होते. त्यातले एक म्हणाले, ‘विद्यापीठाने आमच्या रानात पाखरांना जेवण घातलं.’

विभागप्रमुखांचं म्हणणं, मूळ यंत्रातच खोट असावी. बाजार समितीने गाळ्यांची फाइल बाजूला ठेवलीय. ट्रॅक्टरवाली काल दिवसभर कार्यशाळेत तिच्या यंत्रासमोर बसून होती. तिच्या वडिलांचा फोन आला, ‘झालं शिकून? ट्रॅक्टर उभा आहे.’

मामा, तुला राग येईल हे माहीत असूनही विचारते. काही राहिलं का सांगायचं?

तुझी,
खारू

१३ जुलै

खारूस,

माझं यंत्र फसत नाही. याच गावात यंदा माझी एकतीस यंत्रं चालली आणि मका गुडघ्याला लागलाय. येऊन बघ, गुडघा घेऊन ये.

राहिलं काहीही नाही. जे मला येतं ते सगळं दिलं. तुमच्याकडे पंधरा दिवसांत पोरांना काय शिकवलंत ते तुम्ही तपासा. वातानुकूलित खोलीत फण वाकवला की असंच उगवतं.

ट्रॅक्टरवालीला सांग, घरी जायचं नाही. मी सांगितलंय म्हणून सांग.

मामा

२० जुलै

प्रिय मामा,

मी सांगितलं. ती म्हणाली, ‘मिस्त्रींना सांगा, मी कुठे निघाले होते?’ आणि मग ती जे म्हणाली त्यावर हे सगळं पत्र आहे.

मातीवाले सर, ती, मी आणि तुझा चष्मेवाला, आम्ही चौघं शेतावर गेलो. उकरून बी शोधलं. ते कोरड्या मातीतच पडलं होतं. सगळीकडे सारखं, ओळीने, एकाच खोलीवर, आणि ती खोली कमी. मी विचारलं, ‘किती खोल लावला होता फण?’ ती म्हणाली, ‘दोन बोटं,’ आणि बोटं पुढे केली. सरांनी तिच्या बोटांवर मोजायचं कॅलिपर धरलं. एकतीस मिलिमीटर. चष्मेवाल्याची दोन बोटं चौतीस.

मग तीच म्हणाली, ‘मिस्त्रींची बोटं बघितलीत का तुम्ही? पहारीसारखी आहेत.’

त्याच संध्याकाळी मी आईकडे गेले. आई म्हणाली, ‘जेवून घे आधी.’ मी पायरीवर पालथी पडून तुझ्या पंजात कॅलिपर घातलेलं बघून तिने कपाळाला हात लावला. दोन बोटं, मामा. शेहेचाळीस मिलिमीटर.

मुलं तुझं शब्दशः करत होती. जितकी आज्ञाधारक, तितकी चुकली. तुझी एकतीस यंत्रं चालतात कारण ती सगळी तुझ्या हाताने मापलेली आहेत. टेपला बंदी तू केलीस, आणि मला पटत नसताना ‘शेड तुझी’ म्हणून गप्प मी बसले.

आता दुसरी गोष्ट, जी मागच्या पत्रात लिहिली नाही. पेरणीच्या दिवशी एका शेती अवजारांच्या कंपनीचा माणूस आला होता. त्याला यंत्र आवडलंय. खोट ते दुरुस्त करतील, कारखान्यात बनवतील, तुला पैसे देतील, आणि आपला कार्यक्रम आणखी दोन वर्षं चालवायचा खर्चही उचलतील. विभागप्रमुख खूश आहेत. तो तुझ्याकडे येईल. ऐकून घे. ऐकून घ्यायला काही लागत नाही.

तुझी,
खारू

६ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

चूक माझी. हे एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो, पण पुढे बरंच झालंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शेड बंद करून स्वतःच्या हाताकडे बघत बसलो. मला वाटायचं, बोट म्हणजे बोट. माझा हात कामाने जाड झालाय हे माझ्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं, मी दुसऱ्याचा वापरलेला नाही. तुमच्या कार्यशाळेबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. वातानुकूलित शब्दासकट.

पण चूक माझी असेल तर दुरुस्तीही माझी. लेथवर पोलादाचे आठ ठोकळे कातले, शेहेचाळीस मिलिमीटर उंचीचे, अर्धा केसही इकडे-तिकडे नाही. चष्मेवाल्याने कॅलिपर पाठवलं होतं, त्यावर तपासले. ठोकळ्यावर दोन बोटं कोरली आहेत. चाकाखाली ठोकळा ठेवायचा, फण जमिनीला टेकवायचा, नट आवळायचा. कुणाचाही हात असो, माप एकच. सात जणांना सात. आठवा तुला.

मग सातही जणांना घेऊन त्या तीन रानांवर गेलो. फेरपेरणीची वेळ जेमतेम उरली होती. बी विद्यापीठाने दिलं, हे नोंदवून ठेव, मी उपकार विसरत नाही. पाखरांना जेवण घातलं म्हणणारा शेतकरी बांधावर हात बांधून उभा होता. म्हणाला, ‘मिस्त्री, आता कुणाची बोटं?’ ट्रॅक्टरवालीने ठोकळा त्याच्या हातात ठेवला. ‘धरा. आता तुमची.’ पहिल्या दहा ओळी त्याने स्वतः तपासल्या, मग ठोकळा परत दिला.

तिथेच कंपनीचा माणूस गाडीतून उतरला. शर्टाची इस्त्री अशी की बसला तर मोडेल. मला कागद दिला.

‘इथे सही करा, काका.’

‘काका तुझ्या बापाचा भाऊ. मला मिस्त्री म्हण.’

मी ट्रॅक्टरवालीला कागद मोठ्याने वाचायला लावला. शाळा हुकली तरी वाचते खणखणीत. एका ओळीवर ती थांबली. ‘आपणाखेरीज अन्य कोणीही सदर यंत्र बनवणार नाही.’

‘आपण म्हणजे कोण?’ तिने विचारलं.

‘आपण म्हणजे आपण,’ तो म्हणाला.

‘मिस्त्री की आपण सगळे?’

‘आपण म्हणजे कंपनी.’

‘मग माझा गाळा?’

‘तुम्हाला नोकरी देऊ ना ताई. पॅकिंगमध्ये बऱ्याच मुली आहेत.’

सातही जण माझ्याकडे बघत होते. खारू, ते यंत्र मी घडवलं, पण त्या सातांच्या हातात ते गेलंय. हातातलं काढून विकायचं म्हणजे काय, हे मला त्या माणसाला सांगता येईना. मी नाही म्हटलं. त्याने मागच्या कोऱ्या बाजूला आकडा लिहून कागद पुन्हा पुढे केला. मी घडी घातली, त्याच्या खिशात ठेवली, वरून थापटली. इस्त्री मोडली.

आता तुझं. तुझ्या पत्रात शेवटून दुसरी ओळ तू लिहून खोडलीस. कागद उजेडावर धरला. ‘डिसेंबरनंतर माझ्या नोकरीचं काय ते ठाऊक नाही.’ हे खोडायचं कारण नव्हतं. तू न खोडता लिहिलं असतंस तरीही मी नाहीच म्हटलं असतं. पण तुझ्याशी बोलून म्हटलं असतं. माझ्या नकाराचा भार तुझ्यावर पडला, तर तुझ्या विभागप्रमुखांना माझ्याकडे पाठव. मी त्यांना बाहेर बसवतो, बॅनरखाली.

तुझा,
मामा

२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

आधी भांडते, मग बातमी.

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर तुझ्यावर चिडून होते. यंत्र तुझं, बोटं तुझी, नकार तुझा, आणि नोकरी माझी! आईला म्हटलं, ‘तुझा भाऊ म्हणजे ना!’ आई म्हणाली, ‘माझा भाऊ म्हणजे काय ते तुला पायरीवर पालथं पडून कळलं नाही का?’ मग मी विभागप्रमुखांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, सर, विस्तार म्हणजे पसरवणं. एकाच्या गोदामात कुलूप लावणं म्हणजे विस्तार असेल, तर दारावरची पाटी बदलूया. ते म्हणाले, ‘कार्यक्रम बंद पडेल, आणि जबाबदारी तुमची.’ मी म्हटलं, ‘लिहून द्या, सही करते.’ हे मी कुणाकडून शिकले ते तू ओळख.

फेरपेरणीच्या रानांत शंभराला नव्वदच्या वर उगवण आहे. मोजली मातीवाल्या सरांनी, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या सभेला तुझे तीन शेतकरी न बोलावता येऊन बसले. शिपायाने विचारलं, ‘तुम्ही लाभार्थी का?’ पाखरांवाला म्हणाला, ‘नाही, आम्ही तपासनीस,’ आणि ठोकळा टेबलावर ठेवला. (माझा ठोकळा, मामा. आदल्या दिवशी मागून घेतला होता, अजून परत दिलेला नाही. तुझं टेपबद्दलचं म्हणणं आता पटतंय.)

निकाल: यंत्राचं रेखाचित्र विद्यापीठ छापणार, कुणीही घ्यावं, कुणीही बनवावं. मापं मिलिमीटरमध्ये, आणि फणापाशी दोन कोरलेली बोटं. शनिवार आणखी एक वर्ष. मीही एक वर्ष. त्यापुढचं त्यापुढे, तेव्हाही भांडेन. बाजार समितीने फाइल उघडली. ट्रॅक्टरवालीला गाळा मिळाला. पाटीवर लिहिलंय, ‘येथे पेरणीयंत्रे माणसाच्या मापाने मिळतील.’ खाली बारीक अक्षरात, ‘बोटे मोजून घेतली जाणार नाहीत.’

आता एकच. रेखाचित्राच्या पुस्तिकेत तुझा परिचय छापायचाय. तुझं पहिलं पत्र मी जसंच्या तसं देणार आहे, शाळेच्या फाटकापासून लेथपर्यंत. पण आई रोज विचारते, आणि खरं सांगू, मलाही विचारायचंय. त्या कागदाच्या मागे काय लिहिलं होतं? किती?

तुझी,
खारू

१० नोव्हेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

यादीत दुरुस्ती कर. पेरणीयंत्रं एकतीस लिहिली होती, ती तशीच राहू देत. त्यापुढची माझी नाहीत. ट्रॅक्टरवालीने काल पाचवं विकलं, पोरांची मिळून बावीस झाली, आणि पलीकडच्या तालुक्यातून कुणीतरी तुमच्या चित्राची नक्कल घेऊन ठोकळा मागायला आलं होतं. ठोकळा दिला नाही. कसा कातायचा ते दाखवलं आणि त्याच्याकडूनच कातून घेतला. दुपार गेली, पण गेला तो स्वतःचा घेऊन.

शेडमध्ये एक टेप टांगली आहे. साखळीने. शनिवारी तुमची नवी पोरं येतील तेव्हा बघतील. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसायचं, बॅनरपाशी.

‘प्रशिक्षक’ बिल्ला लावतोय. पिन जुन्यापेक्षा हलकी आहे, कळव.

ताईला सांग की तिला झोप लागावी म्हणून सांगतोय, हळहळायला नाही. आणि पुस्तिकेत छापायचं तर पूर्ण छाप, अर्धवट नको. हाताने केलेल्या वस्तूंच्या खाली, त्याच अक्षरात:

नाकारलेला प्रस्ताव. मक्याचं पेरणीयंत्र, दोन बोटं खोल, त्याचे कायमचे हक्क. पुन्हा कुणीही बनवायचं नाही, मी धरून. रक्कम, सत्तावीस लाख.